तिथी, भरती आणि कोकणकिनाऱ्याची वाट

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक ठराव बिनविरोध संमत झाला. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात. सुट्टीत ते सहकुटुंब इंदुरास आले होते. फराळाच्या वेळी आमच्या चौदा वर्षांच्या नातीने असे सुचविले की, यंदा कुलदैवताला जायचेच आहे, तर मोटारीने थेट देवळाच्या दारात उतरून आणि अभिषेक उरकून परत फिरायचे नाही. अलिबागेपासून समुद्राच्या कडेकडेने जायचे, वाटेतले किल्ले पायी चढायचे आणि एक रात्र तरी समुद्रालगत तंबू ठोकून राहायचे. सौभाग्यवतींनी गुडघ्यांचा मुद्दा उपस्थित केला. तो 'तुम्ही खाली बसून राहा, आजी' या उपसूचनेसह निकालात निघाला. प्रवासाची आखणी मात्र एकमताने आमच्याकडे सोपविण्यात आली. राज्य शासनाच्या सेवेत पस्तीस वर्षे दौऱ्यांचे कार्यक्रम आखण्यात गेल्यामुळे हे काम आमचेच, असा सर्वांचा समज होता.

आम्ही होकार दिला खरा, पण मनात थोडे दचकलो. याच किनाऱ्यावरील एका प्रवासाची आखणी आम्ही पूर्वी एकदा केली होती आणि ती चुकली होती. ती कशी चुकली, हे समजण्यासाठी या किनाऱ्याचा थोडा इतिहास पाहावा लागतो. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांचे मूळ गाव याच पट्ट्यात असल्यामुळे हा विषय केवळ आमच्या घरचा राहत नाही.

नकाशावर रेवसपासून रेडीपर्यंत बोट फिरविले, तर रस्ता अगदी सोपा वाटतो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर, मधून वाट. प्रत्यक्षात मात्र ही वाट दर थोड्या अंतरावर पाण्याशी येऊन थांबते. सह्याद्रीची भिंत समुद्रापासून सरासरी पन्नास-साठ किलोमीटरवर उभी आहे. तिच्या पश्चिम उतारावर पडणारा प्रचंड पाऊस लहान पण वेगवान नद्यांनी समुद्राकडे धावतो आणि प्रत्येक नदी मुखाशी रुंद खाडी होऊन राहते. रेवसपाशी धरमतरची खाडी, रेवदंड्यास कुंडलिकेची, मग राजपुरीची, बाणकोटास सावित्रीची, दाभोळास वाशिष्ठीची, जयगडास शास्त्रीची, विजयदुर्गास वाघोटनची, आणि अगदी दक्षिणेस तेरेखोलची. मधल्या लहान खाड्या वेगळ्याच.

या खाड्यांचा एक गुण असा की, भरतीचे पाणी त्यांतून फार आतपर्यंत शिरते. त्यामुळे महाड आणि चिपळूण ही समुद्रापासून दूर असलेली गावे एके काळी बंदरे होती. गलबते भरतीबरोबर आत जात आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. माल बंदरात उतरे, बैलांच्या पाठीवर चढे आणि घाटाने देशावर जाई. चौलचा माल बोरघाटाने, महाडचा वरंध्याने, चिपळूणचा कुंभार्लीने, राजापूरचा अणस्कुऱ्याने, खारेपाटणचा फोंड्याने. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात चौलचा उल्लेख सापडतो. म्हणजे ही रचना किमान दोन हजार वर्षांची आहे. तिचा मथितार्थ एवढाच की, कोकणात रस्ते पूर्व-पश्चिम होते. उत्तर-दक्षिण जायचे तर रस्ता समुद्राचा. शेजारच्या खाडीवरील गावाला जाण्यापेक्षा घाट चढून देशावर जाणे कित्येकदा सोयीचे ठरे.

आपल्या पूर्वजांनी गाव सोडले ते याच रचनेमुळे घाटाच्या दिशेने. सतराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर जंजिऱ्याचे सिद्दी, कुलाब्याचे आंग्रे, चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज अशा चार सत्ता एकमेकींच्या अंगावर होत्या. श्रीवर्धनची देशमुखी ज्या भट घराण्याकडे होती, त्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून देशावर गेले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. खाडीच्या पलीकडचे वेळास हे भानू घराण्याचे गाव. पुढे नाना फडणवीस ज्या घराण्यात जन्मले ते हेच. श्रीवर्धन आणि वेळास यांच्यामध्ये आजही सावित्रीची खाडी आहे. एका खाडीच्या दोन काठांवरील दोन घराण्यांनी पुढे शंभर वर्षे मराठी राज्याचा कारभार पाहिला, ही गोष्ट त्या काठावर उभे राहिल्याशिवाय खरी वाटत नाही.

पुण्याहून पुढे माळव्यापर्यंतची वाट वाचकांस ठाऊकच आहे. जानेवारी १७३८ मध्ये दुराहासराई येथे निजामाने बाजीरावांशी तह केला आणि माळव्यावरील मराठ्यांचा हक्क मान्य झाला. होळकर, शिंदे, पवार यांच्या फौजांपाठोपाठ दप्तरे आली आणि दप्तरांपाठोपाठ कारकून, फडणीस, कमाविसदार, उपाध्ये आले. आमच्या घरच्या समजुतीप्रमाणे आमचे पूर्वज असेच कोणा सरदाराच्या दप्तरात नर्मदा ओलांडून आले. त्यांनी बरोबर काय आणले? देव्हाऱ्यातील टाक, कुळाचार, सोवळ्याचे नियम आणि पंचांग. समुद्र आणता येण्यासारखा नव्हता.

या वाटेने उलटसुलट जाणाऱ्यांत विष्णुभट गोडसे यांचे नाव सर्वांस परिचित आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि महूजवळ पोहोचतात तो बंडाच्या वणव्यात सापडले. ग्वाल्हेर, झाशी सर्व पाहून, अनेकदा लुटले जाऊन, शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. त्यांची आखणी पार कोसळली, परंतु ज्यांच्यासाठी पाणी आणायचे त्यांच्यापर्यंत ते पोहोचले. आम्हांला ते साधले नाही, म्हणून हा उल्लेख.

इंग्रजी अमदानीत या रचनेत दोन बदल झाले. पहिला घाटाचा. ज्या सर जॉन माल्कमने जानेवारी १८१८ मध्ये होळकरांशी मंदसोरचा तह केला, तोच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. माळव्याच्या लोकांना माल्कम तहामुळे आठवतो, कोकणाच्या लोकांना घाटामुळे; माणूस एकच. दुसरा बदल आगबोटीचा. मुंबईहून निघालेली बोट बंदराबाहेर नांगर टाकी आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्यास लागत. मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत काम करणारा कोकणी माणूस गणपतीला आणि शिमग्याला याच बोटींनी घरी गेला. त्याची किंमतही त्याने मोजली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी दिव्याची अवस होती. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते, परंतु त्या किनाऱ्यावरील अनेक घरांत तो पंधरा ऑगस्ट सुतकात गेला.

उत्तर-दक्षिण रस्ता खऱ्या अर्थाने आला तो आपल्या डोळ्यांदेखत. मुंबई-गोवा महामार्ग खाड्यांना टाळून आतल्या बाजूने जातो. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही तशीच. समुद्रालगतच्या रेवस ते रेडी या सागरी मार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते १९८२ या काळात पुढे आली. रस्त्याचे तुकडे होत गेले, मोठ्या खाड्या मात्र तशाच राहिल्या. २००३ साली दाभोळ ते धोपावे अशी मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि त्यानंतर बाणकोट, राजपुरी, जयगड या खाड्यांतही तशा बोटी आल्या. यामुळे किनाऱ्याकिनाऱ्याने मोटार नेणे प्रथमच शक्य झाले. आता या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. पुलांविषयी बोलताना एक आठवण ठेवावी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजांच्या काळचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने गेली. नदीचा हिशेब न ठेवता केलेली आखणी किती महाग पडते, हे त्या रात्री दिसले.

आता आमच्या चुकीकडे वळू. ही गोष्ट १९८७ सालची. आमच्या वडिलांना घरात सर्वजण 'दादा' म्हणत. त्यांचे सारे आयुष्य इंदुरात गेले. कुलदैवत हरिहरेश्वर, पण साठी उलटेपर्यंत त्यांचे तेथे जाणे झाले नव्हते. लहानपणी त्यांच्या आजीने त्यांना तेथील प्रदक्षिणेचे वर्णन सांगितले होते. देवळामागच्या डोंगराच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि मग डोंगराला उजवीकडे ठेवून समुद्राच्या काठाने, खडकांवरून चालत देवाला वळसा घालायचा. समुद्र वाट देईल तेव्हाच ती प्रदक्षिणा होते. आजीनेही ती पाहिली नव्हती. तिने तिच्या सासूकडून ऐकले होते. ऐकीव प्रदक्षिणा चार पिढ्या आमच्या घरात चालत आली होती.

त्या फेब्रुवारीत आम्ही दहा दिवसांची रजा मिळविली. दापोलीस एका नातलगांकडे उतरायचे, मंडणगडमार्गे बाणकोटास यायचे, लाँचने खाडी ओलांडून बागमांडल्यास उतरायचे आणि तेथून चार-पाच किलोमीटरवर हरिहरेश्वर गाठायचे, असा आमचा बेत होता. दिवस दादांनी निवडला, माघी पौर्णिमेचा. नकाशावर खाडीची रुंदी आम्ही पट्टीने मोजली होती. एस. टी. च्या वेळा लिहून घेतल्या होत्या. कार्यक्रमपत्रिका टंकलिखित होती. तिच्यात खाडीसाठी अर्धा तास धरला होता.

सायंकाळी बरोबर साडेपाचला आम्ही बाणकोटाच्या काठावर पोहोचलो. समोर पाणी होते, पण ते दूर होते. काठापासून पाण्यापर्यंत काळाभोर गाळ उघडा पडला होता आणि होड्या त्यात कलंडून बसल्या होत्या. एक वयस्कर नावाडी जाळे दुरुस्त करीत होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पाणी नाही, साहेब. आता सकाळीच." गुडघाभर चिखल तुडवून पलीकडच्या प्रवाहापर्यंत जाणे दादांना शक्य नव्हते. मुंबईहून इंदूरच्या गाडीचे आरक्षण दुसऱ्या रात्रीचे होते आणि पहाटे मंडणगडहून एस. टी. पकडली नाही, तर ती गाडी चुकणार होती. रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. आणखी एक दिवस रजा वाढवून मागता आली असती. तार करता आली असती. आम्ही केली नाही. सेवेत नवे होतो, वरिष्ठांच्या नाराजीचे भय होते, आणि स्वतःच्या कार्यक्रमपत्रिकेविषयी नको तितका आदर होता.

खाडीच्या मुखापलीकडे हरिहरेश्वराचा डोंगर मावळतीच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. दादांनी पायांतील वहाणा काढल्या. "अरे, दिसतो आहे ना? मग झाले," ते म्हणाले, "इथूनच नमस्कार करू." त्यांनी हात जोडले, स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वहाणा पायांत घालून ते एस. टी. च्या थांब्याकडे चालू लागले. या गोष्टीबद्दल त्यांनी आम्हांला कधी एक शब्द ऐकविला नाही. १९९१ साली ते गेले.

पुढे २००९ साली, आम्ही सपत्नीक त्याच खाडीवर गेलो. आता वेसवीहून बागमांडल्यास मोटारीसह नेणारी फेरीबोट होती. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरलो. दर्शन झाले. प्रथम काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, असा तेथील क्रम आहे. प्रदक्षिणेस मात्र त्या दिवशी पुजाऱ्यांनी मनाई केली. भरती होती, पायऱ्यांपर्यंत लाटा येत होत्या. त्या वाटेवर असावध यात्रेकरूंना लाटेने ओढून नेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत, तेव्हा आम्ही आग्रह धरला नाही. परतताना फेरीबोटीच्या तांडेलाशी बोलणे निघाले. ओहोटी नेमकी केव्हा असते, हे कसे समजावे, असे आम्ही विचारले. तो हसला. "साहेब, सोपे आहे. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणा. येईल त्या वाजता पुरी भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा, की पुरी ओहोटी."

बोटीच्या कठड्याशी उभे राहून आम्ही पहिला हिशेब केला तो पौर्णिमेचा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. त्यात सव्वासहा. साडेपाच.

वाचकहो, तो साडेपाचचा आकडा पाहून आमचे पाय क्षणभर लटपटले. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्रास उधाण असते, हे शाळेत आम्हीही शिकलो होतो. उधाणाची भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली उतरते, हेही पुस्तकात होते. म्हणजे वर्षातल्या तिथींमधून आम्ही नेमकी अशी तिथी निवडली होती, की जिच्या सायंकाळी खाडी सर्वांत अधिक कोरडी पडावी, आणि काठावर नेमके त्याच घटकेला पोहोचलो होतो.

यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. हिशेबाला लागणारे सर्व साहित्य दादांपाशी होते. पंचांग त्यांच्या पिशवीत होते. सकाळी स्नानानंतर तिथी, वार, नक्षत्र म्हटल्याशिवाय ते चहा घेत नसत. आणि पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सारे त्यांच्या पिढीस शाळेत तोंडपाठ करावे लागे. दादा उतारवयातही वाण्याचा हिशेब पाऊणकीने तोंडी करीत. तिथीही पाठ, पाऊणकीही पाठ. फक्त दोहोंचा गुणाकार केला की समुद्र हाती येतो, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. अडीचशे वर्षांपूर्वी आमच्या घराण्यातील पोराटोरांनाही ते ठाऊक असले पाहिजे. माळव्यात आल्यावर तिथी एकादशीसाठी, श्राद्धासाठी, संकष्टीसाठी राहिली. भरतीसाठी तिची गरज उरली नाही. आम्ही पंचांग जपले, परंतु ज्या पाण्याच्या काठी ते रोज वाचले जाई, ते पाणी विसरलो.

स्थलांतरित घराण्यांचे हे असेच होत असावे. ज्याचा आचार होतो ते टिकते; ज्याचा केवळ उपयोग असतो ते उपयोग संपताच गळून पडते. इंदुरात आपण पौर्णिमेपर्यंत शुक्ल आणि अमावास्येला महिना संपविणारे, तर शेजारी पौर्णिमेला महिना संपविणारे. माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरी माघ कृष्ण प्रतिपदा असते आणि शेजाऱ्यांकडे फाल्गुन कृष्ण. हा भेद आपण तीन शतके निष्ठेने सांभाळला, त्यावरून थट्टाही सोसली. समुद्राला दोन्ही महिने सारखेच. त्याला फक्त चंद्र कळतो.

असो. नातीने सोपविलेली आखणी या वेळी आम्ही पंचांगावरून केली. ती येथे देतो. कोणा वाचकास उपयोग होईल. हिवाळा संपता संपता, माघ कृष्ण पक्ष आम्ही निवडला. पावसाळ्यात फेरीबोटींचे वेळापत्रक बिघडते आणि जंजिऱ्याची वाहतूक बंद असते, तेव्हा आषाढ-श्रावण वर्ज्य. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी येते खरी, पण ते भांगाचे दिवस. पाणी पुरेसे हटत नाही. पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस उत्तम, कारण उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळच्या प्रहरी येते.

द्वितीयेस अलिबागेत मुक्काम. तृतीयेस तीन पाऊण सव्वादोन, अधिक सव्वासहा, म्हणजे साडेआठला पूर्ण ओहोटी. तेव्हा साडेसातला निघून कुलाबा किल्ल्यात ओल्या वाळूवरून पायी जायचे आणि साडेनऊच्या आत किनाऱ्यास परतायचे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले, तोवर या किल्ल्याने मुंबईच्या इंग्रजांची झोप उडविली होती. हा इतिहास मुलांना किल्ल्यात उभे राहूनच सांगावा. दुपारी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईचा डोंगर चढायचा. चढ फार नाही, पण ऊन लागते. माणशी दोन बाटल्या पाणी हवे. पायथ्याच्या गावात पोर्तुगीज वळणाची एक स्वतंत्र बोली आजही बोलली जाते. पोर्तुगीज १७४० साली गेले. त्यांची भाषा तेथेच राहिली. आपल्या मराठीचे इंदुरात जे झाले, तेच तेथे पोर्तुगीजचे झाले, असे नातवंडांना सांगण्याचा विचार आहे. मुक्काम मुरुडास.

चतुर्थीस सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत हा किल्ला सिद्दींकडेच राहिला. दुपारी आगरदांडा ते दिघी अशी फेरीबोट आणि तेथून दिवेआगर. दिवस संकष्टीचा आणि गाव गणपतीचे, हा योग आपोआप जुळला. १९९७ साली येथे एका बागेत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ साली तो चोरीस गेला आणि २०२१ साली पुन्हा घडवून बसविण्यात आला. तंबू येथेच ठोकायचा, पण भर वाळूवर नव्हे. चतुर्थीची भरती पहाटे तीनला; उधाणाचे दिवस. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची रेघ दिसते, तिच्या बऱ्याच वर, एखाद्या वाडीत, मालकाच्या परवानगीने. संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाची परवानगी नसते, तेव्हा तो हट्ट करू नये. नारळाच्या झाडाखालीही तंबू लावू नये. कारण सांगावयास नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या गावांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नव्या लावलेल्या रोपांवरून चालू नये, एवढे भान मुलांना द्यावे. रात्री नऊच्या पुढे चंद्रोदय. तो समुद्रावर दिसणार नाही, मागे डोंगरावर दिसेल. सौभाग्यवतींचा उपास तेथेच सुटेल.

पंचमीस पहाटे उठून शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन, आणि नऊच्या आत हरिहरेश्वर. पाच पाऊण पावणेचार, अधिक सव्वासहा, म्हणजे दहा. दर्शन उरकून साडेनऊला पायऱ्या उतरायच्या आणि साडेदहाच्या आत वळसा पूर्ण करायचा. तांडेलाचे गणित ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून छापील भरती-कोष्टक पाहायचे आणि अखेरचा शब्द पुजाऱ्यांचा मानायचा. दुपारी बागमांडल्याहून वेसवी, बाणकोटचा किल्ला, आणि मुक्काम वेळासला, घरगुती सोय असलेल्या एखाद्या घरी. तेथील ग्रामस्थ समुद्री कासवांची घरटी राखतात. षष्ठीस पहाटे पिल्ले निघाली तर पाहावयास मिळतील, न निघाली तर नाही. त्या किनाऱ्यावर तंबू नाही, विजेऱ्या नाहीत, शेकोटी नाही.

हा तक्ता आम्ही या वेळी टंकलिखित केला नाही. नातीने तो वहीत हाताने उतरविला आहे. तिला पाऊणकी शिकवावी लागली. कॅलक्युलेटरवर शून्य दशांश सात पाच करून तिने ती ताडून पाहिली आणि बरोबर आहे, असा दाखला दिला. तक्त्यात आम्ही एकच गोष्ट नव्याने घातली आहे. पंचमीनंतर एक संपूर्ण दिवस कोरा ठेवला आहे. पाणी नसेल, लाट असेल, कोणाचे गुडघे दुखतील, तर थांबता यावे म्हणून.

उद्या खाड्यांवर पूल होतील आणि व्हावेतही. रात्रीबेरात्री आजाऱ्यास पलीकडच्या दवाखान्यात नेण्यासाठी त्या काठच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहिली आहे. आमच्या हळवेपणासाठी त्यांनी आणखी पाहावी, असे कोण म्हणेल? पूल झाल्यावर सावित्री ओलांडताना कोणी तिथी विचारणार नाही. परंतु हरिहरेश्वराच्या डोंगराभोवती पूल होणार नाही. तेथे पंचमीला दहा वाजताच जावे लागेल.

दादांच्या वहाणा घरात नाहीत. पंचांगाची त्यांची जुनी पिशवी आहे. ती आम्ही बरोबर घेणार आहोत. पायऱ्या उतरण्यापूर्वी नातीकडून तिथी म्हणवून घ्यावयाची आहे.